ठाण्यात चार दिवस: मामा, मिसळ आणि मरोसाहेब

ठाण्याला फिरायला कोण जातं हो? रत्नागिरीहून निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी हेच विचारलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. झालं असं की पाचपाखाडीत राहणाऱ्या माझ्या मामाने (वय ७५, टेलिफोन खात्यातून रिटायर, घरात नऊ रेडिओ, त्यातले तीन चालू) सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर व्याख्यान द्यायचं कबूल केलं होतं. विषय एडवर्ड मरो. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लंडनहून रेडिओवर बातम्या देणारा अमेरिकन पत्रकार. मामाचा फोन आला, "तुझ्याकडे तो चांगला रेकॉर्डर आहे ना, तो घेऊन ये, चार दिवसांची रजा टाक." शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेला रेकॉर्डर कपाटात पडूनच होता. आणि मामाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

गुरुवार

मांडवी एक्स्प्रेस. या गाडीबद्दल एवढंच सांगते की घरून डबा नेऊ नका. चिपळूण येईपर्यंत कटलेट आणि टोमॅटो सूप झालं होतं, खेडच्या पुढे गरम गुलाबजाम आले, आणि समोरच्या सीटवरच्या गोव्याहून आलेल्या आजोबांनी मला त्यांच्यातला अर्धा ऑम्लेटपाव दिला, तोही खाल्ला. बाहेर नुसतं हिरवं आणि धुकं, बोगद्यातून गाडी बाहेर आली की धबधबा, परत बोगदा.

टीप: कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. उन्हाळ्यातल्या वेळेच्या भरवशावर स्टेशनवर जाऊ नका.

ठाण्याला उतरले तर मामा प्लॅटफॉर्मवर हजर, छत्री, हातात पिशवी, पायात ते पावसाळी रबरी सँडल जे ओले झाले की प्रत्येक पावलाला चुईंक वाजतात. हे सँडल लक्षात ठेवा, पुढे त्यांनी बराच त्रास दिलाय.

घरी पोचलो तर मामी हसत बसली होती. दुपारी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली होती, 'रविवारी व्याख्यान – एडवर्ड मरो', आणि बी विंगमधल्या एका काकांनी खाली पेनाने लिहिलं होतं, 'का? त्याने काय केलं?' मामा भडकला होता. शेवटी रात्री साडेदहाला छत्री घेऊन खाली जाऊन तो 'मरोसाहेब' असं करून आला. चार दिवस आम्ही सगळे त्याला मरोसाहेबच म्हणत होतो.

जेवणात मुगाची खिचडी, पापड, कढी. जेवता जेवता मामाने बॉम्ब टाकला. मला वाटलेलं मी इंटरनेटवरून मरोसाहेबांचे जुने आवाज शोधून द्यायचे, लॅपटॉप लावायचा, झालं. मामा म्हणाला, "नाही. ते कुणीही घरी बसून ऐकू शकतं. आपण ठाण्याचे आवाज घ्यायचे. त्या माणसाने काय केलं ते करून बघितल्याशिवाय मी बोलणार नाही."

मामी म्हणाली, "झालं. आता पावसात भटका."

शुक्रवार

सकाळी आठला मामलेदार मिसळ. मला तिखटाचा अभिमान आहे, कोकणातली असले तरी, म्हणून मी तिखट मागवली आणि मामा एक शब्द बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, चौथ्या घासाला कान गरम. मामा मध्यम खात होता, शांतपणे, आणि मरोसाहेबांचं बालपण सांगत होता. मी काही प्रश्न विचारायच्या अवस्थेत नव्हते म्हणून त्याला न अडवता सगळं सांगता आलं.

तर जन्म १९०८चा, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. क्वेकर पंथाचं शेतकरी कुटुंब, घर लाकडी ओंडक्यांचं, दिवे नाहीत, नळ नाही. मूळ नाव एग्बर्ट. पुढे घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेलं, तिथे तरुणपणी जंगलतोडीच्या कॅम्पवर काम केलं. एग्बर्ट हे नाव तिथे काय चालणार, त्याने एडवर्ड करून टाकलं. कॉलेजात विषय घेतला भाषणकला. आणि गंमत ही की पेपरात बातमीदारी कधीच केली नाही. १९३७ साली सीबीएस या रेडिओ कंपनीने त्याला लंडनला पाठवला तो बातम्या द्यायला नाही, तर मोठमोठ्या लोकांची भाषणं ठरवायला. म्हणजे थोडक्यात कार्यक्रम अधिकारी.

"मग बातमीदार कसा झाला?" मी ताक पिऊन विचारलं.

"विमान चुकलं नाही म्हणून," मामा म्हणाला. मार्च १९३८ला हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मरोसाहेब पोलंडमध्ये होते, मुलांच्या गाण्याच्या कसल्यातरी कार्यक्रमाच्या जुळवाजुळवीसाठी. त्यांचा सहकारी विल्यम शायरर व्हिएन्नात होता पण तिथून त्याला बोलू देईनात, म्हणून तो लंडनला गेला आणि हे व्हिएन्नाला. बर्लिनहून नेहमीच्या विमानात जागा नाही, तर अख्खं प्रवासी विमान भाड्याने घेतलं, आणि त्यात हा एकटा माणूस. १३ मार्चला लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना अशा ठिकाणांहून एकामागून एक माणसं थेट रेडिओवर बोलली. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही, तेव्हा हे कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी भाषणं ठरवणारा माणूस पहिल्यांदा स्वतः बातमी बोलला.

टीप: मामलेदारला दहाच्या आत जा, नंतर उभं राहावं लागतं. पहिल्यांदा जात असाल तर कमी तिखट घ्या. यात कमीपणा नाही, माझं ऐका.

तिथून चालत जांभळी नाका. पाऊस थांबलेला, सगळीकडे चिखल आणि कोथिंबिरीचा वास. रेकॉर्डर चालू करून मी पिशवीत ठेवला. मामाने सांगितलेलं की आवाज शोधत फिरायचं नाही, एका जागी उभं राहायचं, पाच मिनिटं. हे फार अवघड असतं हो. जांभळी नाक्यावर पाच मिनिटं एका जागी उभं राहणाऱ्या माणसाला तीन हातगाड्या, एक टेम्पो आणि दोन आज्या ढकलतात. पण ऐकू आलं बरंच काही. ताजवा ठेवल्याचा ठण्ण आवाज, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर साचलेलं पाणी कुणीतरी काठीने वर ढकललं तो धबाक्, अळूची जुडी घेणाऱ्या बाईचं "खाजत नाही ना?" आणि भाजीवालीचं "खाजलं तर परत आणा." आणि कोपिनेश्वराची घंटा, अगदी बारीक, गर्दीच्या मागून.

मग स्टेशन. इथे येण्यामागे मामाचा खरा हेतू होता. तो सांगताना त्याचा आवाज बदलतो.

२४ ऑगस्ट १९४०ची रात्र. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांवर मरोसाहेब माइक घेऊन उभे. शहरात पूर्ण ब्लॅकआउट. सायरन झालेला. चर्चच्या तळघरात आसरा घ्यायची जागा होती आणि लोक तिकडे चालले होते. आता दुसरा कोणी असता तर सांगत सुटला असता, लोक घाबरलेत, लोक धीराचे आहेत, अमुक आहेत, तमुक आहेत. या माणसाने काय केलं, माइक खाली जमिनीशी नेला. नुसती पावलं ऐकू येऊ दिली. अमेरिकेत घराघरांत बसलेल्या लोकांना कळलं की कोणी पळत नाहीये. माणसं चालतायत. बस्स.

"कोणी पळत नव्हतं," मामा परत म्हणाला. "हे तोंडाने सांगितलं असतं तर कोणी मानलं असतं?"

तर ठाण्याला स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळी साडेसहाला, आम्ही दोघं कोपऱ्यात उभे, रेकॉर्डर जमिनीशी धरून मी वाकलेली, आणि जो तो मला विचारतोय ताई काय पडलं का. एक मुलगी तर टॉर्च लावून कानातलं शोधायला बसली. ठाणेकर भले आहेत, हे या प्रयोगातून सिद्ध झालं. बाकी रेकॉर्डिंग फुकट गेलं, घरी येऊन ऐकलं तर त्यात फक्त अनाउन्समेंट आणि चुईंक चुईंक. मामाला एका जागी उभं राहवत नाही, तो दर मिनिटाला येरझारा घालत होता.

मी म्हटलं, "मामा, तुमचे सँडल."

"मरोसाहेबांच्या वेळी लोकांचे बूट चामड्याचे होते," मामा म्हणाला, म्हणजे चूक त्याची नाही.

आणि हे कुठे, तर १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून आपल्याकडची पहिली पॅसेंजर गाडी जिथे आली त्या ठाण्यात. रोज इथून लाखो पावलं जातात, आमच्या रेकॉर्डरात एकाचं नाही. येताना कुंजविहारचा वडापाव खाऊन दुःख कमी केलं. तो एक खाल्ला की रात्रीचं जेवण वगळा, मी वगळलं नाही आणि पस्तावले.

टीप: स्टेशनवर मोबाईल काढून उभं राहायला कोणी हरकत घेत नाही, पण ट्रायपॉड वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, आणि पिक अवरला पुलावर वाकू तर अजिबात नका.

रात्री मामाने भाषण लिहायला घेतलं. लिहायला म्हणजे, तो हातात कागद घेत नाही. खुर्चीत बसून मोठ्याने बोलतो आणि मामी मेथी निवडता निवडता ऐकते. मरोसाहेबही म्हणे बातमी लिहीत नसत, सेक्रेटरीला बोलून सांगत, कारण जे कानाने ऐकायचं ते तोंडातूनच यायला हवं. मामी मधेच थांबवते, "हे नाही कळलं." मामा परत सांगतो. "आता फार लांबलं." मामा चिडतो, पण बदलतो.

मरोसाहेबांची अशी एक बाई होती, आयडा लू अँडरसन, त्यांची कॉलेजातली भाषणकलेची शिक्षिका. लहानपणी पोलिओ झालेला, नजर अधू. तिने रेडिओवर त्यांना ऐकून कळवलं की तुझ्या सुरुवातीच्या वाक्यात पहिल्या शब्दानंतर जरा थांब. तेव्हापासून ते "धिस... इज लंडन" झालं, आणि त्या थांबण्यावर हा माणूस ओळखला जायला लागला. हे सांगून मामाने मामीकडे बघितलं आणि म्हणाला, "आमची आयडा लू." मामी म्हणाली, "मेथी झाली, उठा आता."

शनिवार

रात्रीपासून धो धो. सकाळी खाली रिक्षा नाही, दूधवाला उशिरा, मामीने कांदाभजी काढली आणि मला वाटलं आज सुट्टी. पण आज गच्ची होती.

याचं कारण असं. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडायला लागले, ७ तारखेपासून सलग ५७ रात्री. मरोसाहेबांना बीबीसीच्या इमारतीच्या गच्चीवरून, बॉम्ब पडत असताना, थेट बोलायचं होतं. आणि थेटच, कारण तेव्हा अमेरिकन रेडिओ कंपन्या रेकॉर्ड केलेलं काही लावायच्याच नाहीत. सरकार परवानगी देईना. थेट बोलताना तोंडातून एखाद्या ठिकाणाचं नाव निघून गेलं तर जर्मनांना फुकटात पत्ता मिळणार. मग यांनी कितीतरी रात्री गच्चीवर जाऊन नमुन्याचं बोलून रेकॉर्ड केलं, अधिकाऱ्यांना ऐकवलं, बघा मी घसरत नाही. तेव्हा कुठे परवानगी.

आमच्याकडे सोसायटीच्या गच्चीची किल्ली चेअरमनकडे. चेअरमन म्हणाले पावसात गच्ची उघडायची नाही, वॉटरप्रूफिंग झालंय. मामा म्हणाला पाच मिनिटं. ते म्हणाले अर्ज द्या. खरंच अर्ज दिला, मामीच्या अक्षरात, आणि 'कारण' या ठिकाणी मामाने 'महायुद्ध' लिहायला सांगितलं ते तिने गाळलं आणि 'अँटेना तपासणे' लिहिलं. अकराला किल्ली मिळाली.

आठव्या मजल्यावरची गच्ची. पाऊस जरा ओसरलेला. मामाने रेकॉर्डर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, तीन मिनिटं बोल. समोर जे दिसतंय तेवढंच. ऐकणारा माणूस आंधळा आहे आणि सात हजार किलोमीटर लांब आहे असं समज.

मी सुरू केलं. "समोर येऊरचे डोंगर दिसतायत, खूप सुंदर हिरवे..." मामाने हात वर केला. सुंदर नको. परत. "समोर डोंगर आहे, वातावरण एकदम मस्त..." परत हात. असं पाच वेळा झालं. माझ्याकडे सुंदर, मस्त, भारी, अप्रतिम हे चार शब्द सोडले तर काही शब्दच नाहीत असं लक्षात आलं. मी शाळेत मराठी शिकवते. हे इथे लिहितानाही लाज वाटतेय. सहाव्या वेळेला मी गप्प राहिले जरा, मग म्हटलं, डोंगराचा वरचा अर्धा भाग ढगात आहे. खालच्या अर्ध्यात तीन पांढऱ्या रेघा आहेत, ते ओढे असावेत. समोरच्या बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर एक बाई ग्रिलमधून हात बाहेर काढून पाऊस थांबला का बघतेय. तिने दोरीवर एक टॉवेल टाकला. आता परत काढला.

मामा म्हणाला, "हां."

एवढंच. पण नऊ रेडिओवाल्या माणसाचं ते हां, मला बी.एड.च्या निकालापेक्षा बरं वाटलं.

मरोसाहेब गच्चीवरून असंच बोलायचे म्हणे. विमानविरोधी तोफांचा उजेड कुठे, शेजारच्या छपरावर पहारेकरी कसा उभा आहे, याच्यावर कितीतरी वेळ. आकाशातल्या युद्धापेक्षा छपरावरचा माणूस जास्त. १५ ऑक्टोबरला त्याच बीबीसीच्या इमारतीत बॉम्ब घुसला, सात माणसं गेली, आणि रात्री नऊच्या बातम्या वाचणारा निवेदक ब्रूस बेलफ्रेज धूळ झटकून पुढचं वाक्य वाचत राहिला. सीबीएसचं लंडन ऑफिसही एकापेक्षा जास्त वेळा उडालं. मरोसाहेबांनी जागा बदलली, काम चालू.

गच्चीवर उभं राहून मामाला आपली आठवण निघाली ती १९७१ची. तेव्हा तो वीस वर्षांचा. ठाण्यात ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि संध्याकाळी अख्खी चाळ एका मर्फी रेडिओभोवती. रेडिओ गरम व्हायला मिनिटभर लागायचा, तेवढं मिनिट कोणी बोलायचं नाही. "त्या मिनिटाची भीती टीव्हीत नाही," मामा म्हणाला. मग टीव्हीवर घसरला, आणि मी त्याला अडवलं नाही कारण मुद्दा बरोबर होता. २०२५च्या मे महिन्यात आपल्या चॅनेलवाल्यांनी स्टुडिओत बसून एवढे सायरन वाजवले की शेवटी सरकारला सांगावं लागलं, बातम्यांत सायरनचा आवाज लावू नका, लोकांच्या कानाला सवय झाली तर खरा वाजल्यावर कोण हलेल. मामा म्हणाला, एकाने पावलं ऐकवली आणि इथे...

पुढचं लिहीत नाही, मामा शिव्या देतो तेव्हा फार कोकणी देतो.

दुपारी पाऊस परत वाढला. गरम भात, वालाचं बिरडं, आणि मामाची गाडी उषा मेहतांवर. हे मला अर्धवट माहीत होतं. १९४२च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांची ही मुलगी आणि तिचे साथीदार मुंबईत चोरून रेडिओ चालवत होते, काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, "भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून". पोलीस मागावर म्हणून सारखं घर बदलायचं. पेपरवाल्यांना छापता येत नव्हतं ते हे बोलायचे. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. चार वर्षांची शिक्षा झाली. "मरोसाहेबांना गच्चीची परवानगी तरी मागता आली," मामा म्हणाला, "हिला कुणाकडे अर्ज द्यायचा?" मी विचारलं की मग हिच्यावरच का नाही बोलत. तर म्हणाला पुढच्या महिन्यात, पहिल्याच वेळेला पकडलेलं सोडत नाहीत. मला वाटतं खरं कारण असं की उषाबाईंबद्दल बोलताना त्याला रडू येतं आणि कट्ट्यावर त्याला ते नको आहे.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर तलावपाळीला चक्कर. कणीस. दिवे पाण्यात. एवढ्या गर्दीत एक काका बाकावर बसून कानाला छोटा ट्रान्झिस्टर लावून विविध भारती ऐकत होते, मामा आणि ते एकमेकांकडे बघून नुसते मान हलवून गेले, जसे दोन रॉयल एन्फिल्डवाले करतात.

टीप: तलावपाळीला शनिवार रविवार गाडी न्यायचा विचार सोडा. चालत किंवा रिक्षा. कणसाला लिंबू जास्त लावायला सांगा.

रविवार

व्याख्यान पाचला. साडेचारला असा पाऊस लागला की समोरची विंग दिसेना. क्लब हाउसमध्ये चाळीस खुर्च्या मांडलेल्या, आली अकरा माणसं, त्यात मी आणि मामी धरून. ते 'का? त्याने काय केलं?' वाले काका आले होते, पहिल्या रांगेत. पाच वाजून सात मिनिटांनी लाइट गेली. माइक गेला, माझे जांभळी नाक्याचे आवाज लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवरून लावायचे ठरलं तर पावसाच्या आवाजात काही ऐकू येईना. दोन दिवसांची मेहनत, अळूची जुडी वगैरे, सगळं पाण्यात.

मामा उठला, पुढची टेबल-खुर्ची बाजूला सारून लोकांच्या मधे येऊन बसला. आणि बोलायला लागला, हळू. पाऊस असताना हळू. सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

सगळं इथे देत नाही. पावलांचं सांगितलं, गच्चीचं सांगितलं. डिसेंबर १९४३ची रात्र सांगितली, मरोसाहेब लँकेस्टर विमानात बसून बर्लिनवर बॉम्बफेक करायला निघालेल्या तुकडीबरोबर गेले ती. त्या रात्री गेलेल्या पत्रकारांपैकी नॉर्वेचा कवी नूर्डाल ग्रीग आणि ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन स्टॉकटन परत आलेच नाहीत. मरोसाहेब आले आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर बसून खाली पेटलेलं शहर सांगितलं. ज्या शहरातून माणसं आपल्यावर बॉम्ब टाकत होती ते शहर पेटताना बघून हा माणूस खूश नव्हता, मामा म्हणाला. ते काका म्हणाले, "असं कसं, शत्रूच ना?" मामा म्हणाला, "तो तीन वर्षं खाली उभा होता. खाली काय होतं ते त्याला माहीत होतं." काका गप्प.

मग एप्रिल १९४५. बुखेनवाल्डची छळछावणी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, मरोसाहेब तिथे पोचले. आणि तीन दिवस रेडिओवर बोललेच नाहीत. रोज बोलणारा माणूस. १५ तारखेला बोलले. एका बराकीत गेले, पूर्वी तिथे ८० घोडे बांधायचे, आता बाराशे माणसं होती, एका फळीवर पाच पाच. हे आत आले तेव्हा ती माणसं त्यांना खांद्यावर उचलायला बघत होती पण ताकद नव्हती. बरेच जण उठूही शकत नव्हते. ते पडल्या पडल्या टाळ्या वाजवायला लागले. आणि मरोसाहेबांनी सांगितलं की त्या टाळ्यांचा आवाज तान्ह्या बाळांनी टाळ्या वाजवाव्यात तसा होता.

मामा इथे थांबला. मला वाटलं मामीने सांगितलेली पॉज आहे. नव्हती. त्याला पुढे बोलताच आलं नाही. तिथेच संपलं.

आता पंचाईत अशी की व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवतात. आणि कोणाचे हात उचलेनात. त्या गोष्टीनंतर टाळी वाजवायची कशी? मिनिटभर नुसता पाऊस. आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नाही आणि मला ते संपायलाही नको होतं.

शेवटी सी विंगमधल्या नव्वदीच्या आजी बोलल्या, मागून. "मी सांगू का एक?" त्या आठ-नऊ वर्षांच्या, ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळ घर. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून गेलेले. फळीवरची भांडी खाली आली. आई म्हणाली भूकंप. थोड्या वेळाने परत. आकाश मुंबईच्या बाजूला काळं. वडील मुंबईला कामाला होते ते रात्री दोनला चालत चालत घरी आले, कपड्यांवर कापसाचे जळके तुकडे. "आणि आम्हाला कोणी सांगेना काय झालं," आजी म्हणाल्या. "जो तो कुजबुजायचा. जपानी आले म्हणत होते."

मामा एकदम सावरला, कारण हे त्याला पाठ. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला होता, सुमारे १४०० टन स्फोटकं आणि वर कापसाच्या गासड्या एकाच बोटीत. त्याने आजींना सांगितलं की जगाला ती बातमी सगळ्यात आधी कोणी दिली माहितीय का, रेडिओ सायगावने, म्हणजे जपान्यांनी, दुसऱ्याच दिवशी. इथल्या पत्रकारांना बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

आजी जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सायगावला कळलं आणि टेंभी नाक्याला नाही."

यावर मात्र सगळे हसले, टाळ्याही पडल्या, आणि लाइट आली. चहा, बिस्किटं, मामीने केलेला नारळीपाक. त्या काकांनी जाताना बोर्डावरची त्यांची ओळ पेनाने खोडली, मी बघितलं. आजींचं बोलणं रेकॉर्ड झालं का? झालं. रेकॉर्डर टेबलावर चालूच राहिला होता. चार दिवसांतलं एकमेव चांगलं रेकॉर्डिंग, आणि मी बटणही दाबलं नव्हतं.

टीप: घरात, सोसायटीत कोणी नव्वदीच्या पुढचं असेल तर मोबाईल चालू करून शेजारी बसा. प्रश्न फार विचारू नका.

रात्री झोपताना मी विचारलं की मरोसाहेबांचं पुढे काय झालं. टीव्हीवर गेले, १९५४ला मॅकार्थी नावाच्या सिनेटरशी भिडले, पुढे सरकारी नोकरी. रोज साठ-पासष्ट सिगारेटी. १९६५ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, सत्तावन्नावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेले. "गुड नाइट अँड गुड लक म्हणायचे शेवटी," मामा अंधारातून म्हणाला. बॉम्बच्या दिवसांत लंडनचे लोक रात्री एकमेकांचा निरोप घेताना असंच म्हणायचे, सकाळी भेट होईल याची खात्री नसायची ना.

मामी म्हणाली, "तिला सकाळी गाडी आहे. झोपा."

सोमवार

सकाळची मांडवी. मामा सोडायला स्टेशनवर, पाऊस रिमझिम, डब्यात मामीच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं (मांडवीत डबा नेऊ नका असं मीच वर लिहिलंय, पण मामीला कोण सांगणार). गाडी आली, मी चढले, त्याने खिडकीतून पिशवी दिली आणि गाडी हलायच्या आधीच वळून चालायला लागला. त्याला निरोपाचं जमत नाही.

पनवेल गेल्यावर लक्षात आलं की रेकॉर्डर जॅकेटच्या खिशात परत चालूच राहिलाय, प्लॅटफॉर्मपासून. ऐकलं. माझं "येते हं मामा", डब्यातली जागेवरून भांडणं, चहावाला, अनाउन्समेंट तीन भाषांत, आणि त्या सगळ्याच्या खालून, बारीक होत जाणारं, चुईंक, चुईंक, चुईंक. अकरा वेळा मोजता येतं, मग गर्दी.

घरी आल्यावर ती फाइल मामाला पाठवली. दोन निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी.

"लेव्हल जरा कमी ठेवायला हवी होतीस."